उमेदवारांचे वाटाडे

‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण आपल्या समाजांत ज्या तत्परतेनें उच्चारली जाते त्या तत्परतेनें ती कधीं पाळली गेली नाहीं. तोंडानें म्हण म्हणावी आणि मुलाला नोकरीच्या रांगेंत उभें करावें, हा आमचा निदान दीडशें वर्षांचा क्रम आहे. ज्या वस्तूची इतकी ओढ, तिच्या प्राप्तीचे मार्ग सांगणारे ग्रंथही निर्माण व्हावयाचेच. आणि तसे ते झालेही आहेत. काव्य, नाटक, कादंबरी यांच्या इतिहासाची चर्चा आमच्या मासिकांतून विपुल होते; परंतु ज्या पुस्तकांचीं पानें सामान्य घरांत सर्वांत अधिक झिजतात, त्या नोकरीच्या मार्गदर्शक पुस्तकांकडे वाङ्मयाच्या अभ्यासकांनीं फारसें लक्ष दिलेलें दिसत नाहीं. हीं पुस्तकें वाङ्मय नव्हेत असें कोणी म्हणेल. असेलही तसें, परंतु एखाद्या समाजाला कोणत्या काळीं कोणता दरवाजा उघडा होता आणि कोणता बंद होता, हें या पुस्तकांइतकें स्पष्टपणें दुसरें कोणी सांगत नाहीं.

हा विषय आम्ही केवळ कुतूहलानें हातीं घेतलेला नाहीं. चामोर्शी हें वैनगंगेच्या खोऱ्यांतील तालुक्याचें गांव. तें ज्या गडचिरोली जिल्ह्यांत मोडतें तो जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजीं चंद्रपूर जिल्ह्यापासून वेगळा झाला. जिल्ह्याची सुमारें तीन-चतुर्थांश भूमि अरण्यानें व्यापलेली, आणि २०११ च्या शिरगणतीप्रमाणें लोकसंख्या १०,७२,९४२. अशा ठिकाणीं पदवी घेऊन बाहेर पडलेला तरुण जेव्हां ‘कोणतें पुस्तक घेऊं?’ असें विचारतो, तेव्हां त्याच्या प्रश्नांत पुस्तकाच्या किंमतीपेक्षां पुष्कळ मोठी किंमत दडलेली असते. पुस्तक चुकलें तर दोन-चारशें रुपये बुडतात. वाट चुकली तर वयाचीं दहा वर्षें बुडतात. महाराष्ट्र राज्याच्या बहुतेक नोकऱ्यांस आज खुल्या वर्गासाठीं ३८ आणि मागासवर्गीयांसाठीं ४३ ही वयाची मर्यादा आहे. ही सवलत दयाळूपणाची खरी. परंतु दरवाजा इतका वेळ किलकिला राहिला म्हणजे माणूस उंबरठ्यावरच म्हातारा होतो, हाही अनुभव घरोघरीं येत आहे.

जंगलपट्टींत वाटाड्याची पारख कशी करावी हें सर्वांस ठाऊक असतें. त्या वाटेनें तो स्वतः गेलेला असावा. आपणांस कोणत्या गांवीं जावयाचें आहे हें त्यानें आधीं विचारावें. आणि वाटेंतला ओढा यंदा कोठून उतरतां येतो याची त्याला खबर असावी. पुस्तकरूपी वाटाड्यांस ह्याच तीन कसोट्या लावून पाहिल्यास त्यांचा इतिहासही कळतो आणि निवडही सोपी होते, असें आम्हांस वाटतें.

मराठींतील या जातीचें जुन्यांत जुनें पुस्तक शोधूं गेल्यास ‘मेस्तका’पाशीं यावें लागतें. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्रि ऊर्फ हेमाडपंत याच्या नांवावर परंपरेनें चालत आलेलें हें प्रकरण म्हणजे कारकुनी पेशाची पोथीच होय. कोणास कोणता मायना लिहावा, पत्राचा आरंभ व शेवट कसा करावा, हिशेब कसा मांडावा, कारकुनानें वागावें कसें, अशा गोष्टींचा त्यांत विचार आहे. तेराव्या शतकांतलें मूळ किती आणि मागाहून पडलेली भर किती याची निवड पंडितांनीं करावी. आमच्यापुरतें एवढें पुरे कीं, शेंकडों वर्षें मराठी कारकून या शिदोरीवर चालला. शिवाजी महाराजांच्या काळीं रघुनाथपंतांनीं रचलेला ‘राज्यव्यवहारकोश’ हा याच कुळांतला. फारसी शब्दांच्या जागीं संस्कृत शब्द कोणते योजावे हें दरबारी लेखकाला त्यानें सांगितलें. समर्थांनीं तर ‘दासबोधा’च्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेसच वाहिला आहे. अक्षराचें वळण, ओळींची सरळ मांडणी, शाई, लेखणी, कागद यांविषयीं परमार्थाच्या ग्रंथांत इतक्या बारकाईनें लिहिणारा पुरुष कामाची किंमत जाणत होता यांत शंका नाहीं.

हे वाटाडे पहिल्या कसोटीस पूर्णपणें उतरतात. ते काम सांगतात, आणि काम करणाराच ते सांगतो. परंतु एक गोष्ट त्यांत शोधूनही सांपडत नाहीं. ती म्हणजे, नोकरी मिळवावी कशी? याचें कारण उघड आहे. ती जागा पुस्तक वाचून मिळतच नव्हती. बापाच्या पाठीमागें दफ्तरांत बसून मुलगा बोरू धरावयास शिके, आणि वतन, नातें किंवा शिफारस यांच्या बळावर गादीवर बसे. चामोर्शीहून जवळच मार्कंड्याचीं देवळें आहेत. तेथील दगडांत ज्यांनीं मूर्ति कोरल्या ते कारागीरही याच पद्धतीनें, वडिलांच्या किंवा गुरूच्या हाताखालीं तयार झाले असतील. विद्या हातांतून हातांत जात असे, म्हणून ती सकस राही. पण ती ठराविक हातांतच राही, हा तिचा दोष. ज्यास दफ्तरखान्याच्या ओसरीवर चढण्याचीच मनाई होती, त्याला मेस्तकाचा उपयोग काय? या जुन्या व्यवस्थेचें कौतुक करणारांनीं हा प्रश्न स्वतःस विचारावा.

ही ओसरी निदान कायद्यानें सर्वांस खुली करण्याचा आरंभ ज्या काळांत झाला त्यांत १८५४ हें साल फार महत्त्वाचें आहे. त्याच वर्षीं नागपूरकर भोसल्यांचें राज्य खालसा होऊन चांदा इंग्रजी अमलाखालीं आला. त्याच वर्षीं वुडचा शिक्षणविषयक खलिता निघाला व सरकारी जागा देतांना शिकलेल्यांस अग्रहक्क द्यावा असें त्यांत सांगण्यांत आलें. आणि त्याच वर्षीं विलायतेंत नॉर्थकोट व ट्रेव्हेल्यन यांचा तो प्रसिद्ध अहवाल लोकांसमोर आला, ज्यांत सरकारी नोकर शिफारशीनें न नेमतां स्पर्धेच्या परीक्षेनें निवडावे असें प्रतिपादन होतें. पुढच्याच वर्षीं हिंदुस्थानच्या मुलकी सेवेची पहिली स्पर्धापरीक्षा लंडनांत झाली. कल्पना मात्र इंग्रजांची नव्हे. चीन देशांत शेंकडों वर्षें अधिकारी परीक्षेनें निवडले जात होते, आणि यशस्वी उमेदवारांचे निबंध छापून ते नव्या उमेदवारांस विकण्याचा धंदाही तेथें भरभराटीस आलेला होता. १९०५ सालीं चिनी बादशाहीनें ती परीक्षाच रद्द केली. तेव्हां किती दुकानांतील माल एका दिवसांत रद्दी झाला असेल याची कल्पनाच करावी.

परीक्षा आली आणि तिच्या पाठोपाठ आमच्याकडेही नव्या जातीचा वाटाड्या आला. प्रथम कांहीं काळ जुनें व नवें एकत्र नांदलें. कचेरींत पगाराशिवाय महिनोन् महिने बसून काम शिकणाऱ्या इसमास ‘उमेदवार’ म्हणत. हा शब्द फारसी ‘उमेदी’वरून, म्हणजे आशेवरून आलेला. आशा हेंच त्याचें वेतन. परंतु तो उमेदवार निदान कचेरींत बसे. मामलेदार कसा बोलतो, पटवाऱ्याच्या वह्या कशा तपासतात, हें त्याला डोळ्यांनीं दिसे. पुढें मॅट्रिक्युलेशन, मराठी फायनल इत्यादि परीक्षा हेच दरवाजे झाले आणि उमेदवार कचेरींतून उठून खोलींत गेला. त्याच्या हातांत मेस्तकाऐवजीं प्रश्नोत्तरांची ‘गाईड’ आली. मेस्तक कामाविषयीं बोले. गाईड प्रश्नपत्रिकेविषयीं बोलते. एकाला दरवाजाच्या आंत काय आहे तें ठाऊक होतें; दुसरीला फक्त दरवाजाची कडी ठाऊक आहे.

तथापि या गाईडची निंदा करण्यास आमची लेखणी सहसा धजत नाहीं. जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनापुढें दिलेल्या निवेदनांत सरकारी जागा व शिक्षण एकाच वर्गाच्या हातीं कसें एकवटलें आहे याची तक्रार केली होती. ज्या घराण्यांत अक्षरओळखच नव्हती त्या घरांतील मुलाला दफ्तरांतील बापाची पाठ मिळणार नव्हती. त्याला मिळूं शकत होतें तें फक्त छापील पुस्तक. डॉ. आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळांत व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळांत मजूरमंत्री होते. १९४३ सालीं अस्पृश्य वर्गांसाठीं मध्यवर्ती सरकारच्या नोकऱ्यांत ८⅓ टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम निघाला तो त्यांच्याच प्रयत्नांमुळें. पुढें घटनेनें ही तरतूद कायम केली. तेव्हां ज्यांच्या कित्येक पिढ्यांस ओसरी बंद होती त्यांच्या घरीं गाईड हें पहिलें पुस्तक म्हणून आलें, हें विसरून तिची थट्टा करणें सुखवस्तु माणसालाच शोभेल. आमचें म्हणणें एवढेंच कीं, कडी उघडण्याची युक्ति ही वाटेची माहिती नव्हे.

नोकरीच्या या एकमार्गी ओढीविरुद्ध बंडही झालें, आणि त्या बंडानें स्वतःचीं मार्गदर्शक पुस्तकें निर्माण केलीं. सॅम्युएल स्माइल्स या स्कॉटिश लेखकाचें ‘सेल्फ हेल्प’ हें पुस्तक १८५९ सालीं निघालें. १८७१ सालीं तें जपानी भाषेंत उतरलें आणि तेथील तरुणांनीं तें धर्मग्रंथासारखें वाचलें. आमच्याकडील इंग्रजी शिकलेल्यांसही त्याचें वेड लागलें. बडोद्यास १८९० सालीं सयाजीराव महाराजांच्या आश्रयानें प्रो. त्रिभुवनदास गज्जर यांनीं कलाभवन काढलें व देशी भाषांतून धंदेशिक्षणाचा प्रयोग केला. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें चित्रकलेचे शिक्षक होते. बढतीच्या वेळीं आपणांस डावललें गेल्याचें पाहून त्यांनीं नोकरी सोडली, बेळगांवांत सायकलींच्या दुकानापासून आरंभ केला, आणि १९१० सालीं औंध संस्थानांतील माळरानावर किर्लोस्करवाडी वसविली. धंदा बदलण्याचें याहून ठसठशीत उदाहरण मराठी मुलखांत क्वचितच सांपडेल. १९२० सालीं तेथून निघालेली ‘किर्लोस्कर खबर’ पुढें ‘किर्लोस्कर’ मासिक होऊन घरोघरीं गेली. इकडे विदर्भांत नागपूरच्या धरमपेठेंतून निघणाऱ्या ‘उद्यम’ मासिकानें साबण, शाई, शेती, बागाईत व छोटे कारखाने यांची माहिती मराठी वाचकांस वर्षानुवर्षें पुरविली.

या वाङ्मयानें मनाला उभारी दिली, हातांना काम दाखविलें. पण त्यांतही एक उणीव होती. साबणाची कृति अचूक असे. परंतु साबण कोण विकत घेईल, भांडवल कोण देईल आणि पहिलीं दोन वर्षें घर कसें चालेल, याविषयीं बहुधा मौन असे. शिवाय यशस्वी पुरुषांचीं चरित्रें वाचतांना एक गोष्ट सहज निसटते. जे बुडाले त्यांचीं चरित्रें कोणी लिहीत नाहीं. लक्ष्मणरावांचा लोखंडी नांगर विकला जाण्यास फार काळ लागला. तेवढा काळ तग धरण्याची ऐपत नसलेला दुसरा एखादा लक्ष्मणराव इतिहासाला माहीतही होत नाहीं. उत्साह वाढविणें हें पुस्तकाचें काम खरें. पण वाटाड्यानें पुढील ओढ्याचें पाणी किती खोल आहे हेंही सांगितलें पाहिजे.

आतांपर्यंतच्या सर्व पुस्तकांत एक माणूस गैरहजर आहे, तो म्हणजे खुद्द वाचक. तो कोण, त्याला काय येतें, काय आवडतें, हें मेस्तक विचारीत नाहीं, गाईड विचारीत नाहीं, ‘उद्यम’ही विचारीत नाहीं. हा प्रश्न प्रथम पद्धतशीरपणें विचारला तो अमेरिकेंतील बॉस्टन शहरीं फ्रँक पार्सन्स या गृहस्थानें. १९०८ सालीं त्यानें तेथें व्यवसायसल्ल्याची कचेरी उघडली. त्याच वर्षीं तो वारला, आणि १९०९ सालीं त्याचें ‘चूझिंग अ व्होकेशन’ हें पुस्तक प्रसिद्ध झालें. त्याचें सूत्र साधें आहे. आधीं स्वतःस ओळखा. मग निरनिराळ्या धंद्यांची खरी स्थिति, त्यांतील मिळकत, अडचणी व पुढील संधि समजून घ्या. आणि नंतर या दोहोंचा मेळ शांतपणें घाला. आज हें सूत्र सर्वांच्या तोंडीं असल्यामुळें क्षुल्लक वाटतें. परंतु जन्मानें किंवा योगायोगानें धंदा ठरण्याच्या जगांत तो एक नवा विचार होता.

पार्सन्सच्या परंपरेंतील सर्वांत लोकप्रिय पुस्तक रिचर्ड बोल्स याचें. १९७० च्या सुमारास अमेरिकेंतील कॉलेजांतून धर्मोपदेशकाचें काम करणाऱ्या पुष्कळ मंडळींच्या जागा कमी होत होत्या. मध्यम वयाचीं हीं माणसें. दुसरें काय करावें हें त्यांस सुचेना. बोल्स हा स्वतः धर्मोपदेशक. त्यानें त्यांच्यासाठीं एक पुस्तिका स्वखर्चानें छापली. १९७२ सालीं ती प्रकाशकाकरवीं बाजारांत आली, आणि २०१७ सालीं तो मरण पावेपर्यंत तिच्या नव्या नव्या आवृत्त्या निघत राहिल्या. तिचें नांव ‘तुमच्या पॅराशूटचा रंग कोणता?’ अशा अर्थाचें आहे. बोल्सच्या दोन गोष्टी आम्हांस मोलाच्या वाटतात. पहिली ही कीं, हुद्दा एका नोकरीबरोबर संपतो, परंतु अंगचें कसब माणसाबरोबर दुसऱ्या धंद्यांत जातें. म्हणून हुद्द्यांची नव्हे, कसबांची यादी करावी. दुसरी ही कीं, एखाद्या धंद्यांत शिरण्यापूर्वीं तो धंदा करणाऱ्या माणसांकडे जाऊन, नोकरी न मागतां, त्यांचें काम कसें असतें तें विचारावें. ही दुसरी सूचना म्हणजे जुन्या कचेरींतील उमेदवाराचाच नवा अवतार होय.

परंतु हें पुस्तक जसेंच्या तसें चामोर्शीस आणलें तर तिसऱ्या कसोटीवर तें अडखळतें. बोल्सचा वाचक अशा शहरांत राहतो जेथें हजार मालक आहेत आणि त्यांतील आपल्याजोगता कोणता हें शोधावयाचें आहे. आमच्या तालुक्यांत मालक बोटांवर मोजण्याइतके. सरकार, जिल्हा परिषद, शाळा व कॉलेजें, वनखातें, पोलीस, थोडे व्यापारी, उन्हाळ्यांत तेंदूपत्त्याच्या फडाचें काम, आणि अलीकडे याच तालुक्यांतील कोनसरी येथें उभा राहिलेला लोखंडाचा कारखाना. येथें शोध मालकाचा नव्हे. कित्येकदां कामच नव्यानें घडवावें लागतें.

आमच्या देशांत मार्गदर्शनाची सरकारी व्यवस्था दुसऱ्या महायुद्धानंतर आली. सैन्यांतून परत आलेल्यांस काम मिळावें म्हणून १९४५ सालीं रोजगार विनिमय केंद्रें निघालीं व १९४८ पासून तीं सर्वांस खुलीं झालीं. मुंबईंत पारशी पंचायतीनें १९४७ सालीं व्यवसायमार्गदर्शनाची कचेरी काढली, आणि पुढें मुंबई सरकारनेंही तोच मार्ग स्वीकारला. १९५९ सालीं रिकाम्या जागा केंद्रांस कळविण्याचें बंधन घालणारा कायदा झाला. १९७६ सालीं ‘एम्प्लॉयमेंट न्यूज’ हें साप्ताहिक सुरू झालें. महाराष्ट्र लोकसेवा आयोग तर राज्याबरोबरच १९६० सालीं जन्मला. इतकी सामग्री असूनही मराठी तरुणाच्या हातीं प्रत्यक्षांत राहिली ती गाईडच. फक्त तिची जाडी वाढली. नांव ‘करिअर मार्गदर्शन’. आंत मात्र नोकरीविषयीं चार ओळी आणि प्रश्नपत्रिकेविषयीं चारशें पानें. वनरक्षकाच्या भरतींत पुरुषास २५ आणि स्त्रीस १६ किलोमीटर अंतर चार तासांत चालावें लागतें, हें त्यांत छापलेलें असतें. परंतु नेमणूक झाल्यावर वणव्याच्या दिवसांत नाकेदाराला किती चालावें लागतें, हें कोणी छापीत नाहीं. तें ज्याला आधीं कळेल त्याचीच निवड खरी.

शिवाय अशीं पुस्तकें बहुधा पुण्या-मुंबईकडील वाचक डोळ्यांपुढें ठेवून लिहिलेलीं असतात. चामोर्शी तालुक्यांतील कांहीं गांवें अनुसूचित क्षेत्रांत आहेत, कांहीं नाहींत. ९ जून २०१४ च्या राज्यपालांच्या अधिसूचनेनें अशा क्षेत्रांतील तलाठी, ग्रामसेवक, वनरक्षक, शिक्षक इत्यादि पदें स्थानिक आदिवासी उमेदवारांतून भरण्याविषयीं निराळा नियम केला. आणि आदिवासीबहुल जिल्ह्यांतील आरक्षणाचें प्रमाणही इतर जिल्ह्यांपेक्षां वेगळें असतें. आदिवासी तरुणाला हा नियम न्याय्य आधार आहे, आणि शेजारच्या बिगरआदिवासी तरुणाला आपल्याच तालुक्यांत जागा किती उरल्या याचा हिशेब त्यावरून करावा लागतो. दोघांनाही तो आधीं माहीत हवा. परंतु सर्व महाराष्ट्रासाठीं छापलेल्या पुस्तकांत या दोघांचाही पत्ता नसतो. नियमही स्थिर राहत नाहींत. राज्यसेवेची मुख्य परीक्षा वस्तुनिष्ठ होती ती २०२५ पासून वर्णनात्मक झाली. चीनमध्यें १९०५ सालीं जें झालें त्याची ही लहानशी आवृत्ति. जुन्या पद्धतीचीं पुस्तकें मात्र अर्ध्या किंमतींत विकलीं जातात, आणि तीं विकत घेणारा बहुधा गरीब असतो.

मग या भागास उपयोगी असा वाटाड्या कोठें मिळेल? इतिहास सांगतो कीं, तो याच जिल्ह्यांत लिहिला गेला आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेनें १९९५ पासून गडचिरोलींतील ३९ गांवांत खेड्यांतील बायांस नवजात बालकांची घरींच काळजी घेण्याचें शिक्षण दिलें. तिसऱ्या वर्षापर्यंत त्या गांवांतील नवजात मृत्यूंचें प्रमाण, तुलनेसाठीं घेतलेल्या गांवांच्या मानानें, ६२ टक्क्यांनीं घटलें. १९९९ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत हें प्रसिद्ध झालें. या कामांतून तयार झालेलें शिक्षणाचें पुस्तक पुढें देशभरच्या आशा कार्यकर्तींच्या प्रशिक्षणास उपयोगी पडलें. तें काम करणारांनीं लिहिलें. थोडें शिकलेल्या बाईला काय येतें व काय शिकवावें लागेल याचा विचार करून लिहिलें. आणि येथील खेड्यांतील झोपडींत पडताळून पाहून लिहिलें. वाटाड्याच्या तिन्ही कसोट्या येथें एकत्र येतात.

दुसरें उदाहरण धानोरा तालुक्यांतील मेंढा-लेखा गांवाचें. २००९ सालीं या गांवास सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ सालीं ग्रामसभेच्या हातीं बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचें पुस्तक आलें. ज्या गांवाचे लोक वनखात्याच्या बांबूवर मजूर होते तेच आतां विक्रेते झाले. गांवानें धंदा बदलला. पण विक्री आली म्हणजे निविदा आली, मजुरीचें हजेरीपत्रक आलें, कराचा हिशेब आला. असे हक्क मिळालेल्या प्रत्येक ग्रामसभेस आज कोणाची गरज आहे? पत्राचा मायना जाणणाऱ्या, हिशेब चोख ठेवणाऱ्या, प्रामाणिक कारकुनाची. म्हणजे मेस्तकाच्या वाचकाचीच. फरक एवढाच कीं, ही ओसरी आतां गोंड-माडिया मुलालाही खुली आहे. या कामाचें एक चांगलें मराठी पुस्तक जो लिहील, तो दहा गाईडलेखकांहून अधिक उपकार करील.

तिसरें उदाहरण चामोर्शी व मुलचेरा तालुक्यांत वसविलेल्या बंगाली निर्वासितांचें. पूर्व बंगालमधून आलेल्या या कुटुंबांनीं देश बदलला. परंतु भाताची शेती व मासळीचें ज्ञान तीं आपल्याबरोबर घेऊन आलीं, आणि त्यावरच पुन्हां उभीं राहिलीं. कसब सीमा ओलांडतें हें सांगावयास त्यांना बोल्सची गरज पडली नाहीं. आपल्या पदवीधरांस मात्र तें सांगावें लागतें. फडावर मुन्शीचें काम केलेला मुलगा आपणांस ‘अनुभव नाहीं’ असें अर्जांत लिहितो. वास्तविक दोनशें माणसांचीं पुडकीं मोजून घेणें, त्यांचा हिशेब ठेवणें, भांडण मिटविणें आणि पावसापूर्वीं माल हलविणें हें ज्याला साधलें, त्याच्या अंगीं कोणत्याही कोठारांत चालतील अशीं चार कसबें आहेत.

तेव्हां पुस्तक घेणारानें काय पाहावें? प्रथम तें मध्येंच कोठें तरी उघडून, त्यांत कामाच्या एका दिवसाचें वर्णन आहे कीं नाहीं तें पाहावें. नसेल तर तें परीक्षेचें पुस्तक आहे. परीक्षेसाठीं तें जरूर घ्यावें, धंद्याची निवड त्यावरून करूं नये. मग आवृत्तीचें साल पाहावें आणि त्यांतील नियम मूळ सरकारी जाहिरातीशीं ताडून पाहावे. जागा किती व अर्ज किती याचे आंकडे लेखक देतो काय, कीं केवळ यशस्वी उमेदवारांचीं छायाचित्रें देतो, हें पाहावें. जो वाटाड्या वाट चुकलेल्यांविषयीं अवाक्षर काढीत नाहीं त्याच्या मागें अरण्यांत शिरूं नये. लेखक वाचकाला प्रश्न विचारतो कीं फक्त उत्तरें पाठ करावयास सांगतो, हेंही पाहावें. आणि पहिल्या प्रयत्नापूर्वींच, किती वर्षांनीं ही वाट सोडावयाची तें वहींत लिहून ठेवावें व घरच्यांस दाखवावें. कारण थांबण्याचा मुक्काम कोणतेंही विक्रीचें पुस्तक सांगणार नाहीं.

एक शेवटची सूचना पालकांस. मुलाला पुस्तकें आणून देण्यापूर्वीं चार दिवस मोकळे द्यावे. त्यानें एक दिवस नाकेदाराबरोबर, एक दिवस पटवाऱ्याच्या दफ्तरांत, एक दिवस आरोग्य उपकेंद्रांतील परिचारिकेजवळ आणि एक दिवस कोनसरीहून पाळी संपवून परतणाऱ्या एखाद्या जोडाऱ्याशीं बोलण्यांत घालवावा. एवढ्यानें नोकरी मिळणार नाहीं. परंतु पुढें जेव्हां तो दुकानांत पुस्तक चाळील, तेव्हां त्या वाटेनें स्वतः गेलेला लेखक कोणता आणि शिवेवर उभा राहून हात दाखविणारा कोणता, हें त्याचें त्यालाच कळेल.